मधुसूदनरावांचा कोरा हात

सात दिवस म्हणजे सात दिवस, हे वाक्य कलावती मांडवकर फोनवर दिवसातून दहादा तरी म्हणायची. डोंबिवली पूर्वेला डॉ. सौमित्र केतकरांच्या अ‍ॅलर्जी क्लिनिकमध्ये ती एकोणीस वर्षं त्वचेच्या चाचण्या करत होती. चाचणीआधी सात दिवस सर्दीची, खाजेची, शिंकांची कसलीही गोळी घ्यायची नाही, हे ती फोनवर सांगायची, छापील कागदावर लाल पेनाने अधोरेखित करून द्यायची, आदल्या दिवशी पुन्हा मेसेज टाकायची. आणि तरीही माणसं खुर्चीत बसून बाही वर केली की म्हणायची, "काल एकच घेतली हो, अर्धी."

कलावती मूळची गुहागरकडची, पण वाढली कळव्यात. बारावीनंतर लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, लग्न होऊन विठ्ठलवाडीला आली, दहा-बारा वर्षं एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढलं. तिथे सुख होतं. रक्त काढलं, नळीत घातलं, नाव चिकटवलं, संपलं. कुणी वाद घालायला यायचं नाही. इथे मात्र प्रत्येकाला आपला हात वाचायला स्वतःलाच येतं असं वाटायचं. गावी लग्नाला गेली तर हळदीच्या मांडवात नातेवाईक हात पुढे करायचे, "बघ गं कला, मला कसली अ‍ॅलर्जी?" जणू ती ज्योतिषी. तिचा नवरा उत्तम हसायचा. तिला हसू यायचं नाही.

काम तसं साधं दिसायचं. हाताच्या आतल्या बाजूला स्पिरिट फिरवायचं, पेनाने खुणा करायच्या, प्रत्येक खुणेपाशी एकेका बाटलीतला थेंब ठेवायचा: धुळीतले किडे, झुरळ, बुरशी, गवताचे पराग, मांजर, कुत्रा. थेंबातून सुईचं टोक कातडीला जेमतेम लावायचं, रक्त येता कामा नये. मग पंधरा-वीस मिनिटं बसायचं, खाजवायचं नाही. ज्याची अ‍ॅलर्जी त्याच्या जागी डास चावल्यासारखी गांधी उठते, ती पट्टीने मोजायची. पण या सगळ्यांशिवाय दोन थेंब वेगळे असायचे. एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तो कुणाच्याच हातावर उठता कामा नये. दुसरा हिस्टामीनचा, तो प्रत्येकाच्या हातावर उठलाच पाहिजे. पाण्याचा उठला, तर ती कातडी कशानेही फुगणारी. हिस्टामीनचा नाही उठला, तर बहुतेक वेळा पोटात कुठली तरी गोळी आहे. दोन्हीपैकी काहीही झालं, की बाकीचे चोवीस थेंब वाया.

मधुसूदन खासनीस पहिल्यांदा आले ते मे महिन्यात. वय एकाहत्तर, टिळकनगरला राहणारे, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासलेला माणूस. वर्षानुवर्षं सकाळच्या थोड्याफार शिंका होत्याच, आता छातीतून शिट्टी वाजायला लागली होती, म्हणून डॉक्टरांनी चाचणी सांगितली होती. बरोबर पत्नी मंदाकिनी, मांडीवर कापडी पिशवी घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या.

"या बाटल्यांची मुदत कधी संपते?" मधुसूदनरावांनी बसायच्या आधी विचारलं.

कलावतीने एक बाटली दाखवली. त्यांनी चष्मा बदलून वाचली. मग दुसरी मागितली.

"सगळ्या बघणार का काका? चोवीस आहेत."

"सव्वीस. त्या दोन वेगळ्या ठेवल्या आहेत, त्या धरून."

त्यांनी सव्वीसच्या सव्वीस बघितल्या. काही उलटं झालं तर द्यायचं इंजेक्शन कुठे आहे, तेही बघितलं, त्याचीही तारीख वाचली. मग तिच्या पट्टीकडे बोट करून विचारलं, "ही प्रमाणित आहे का?" बाहेर चार पेशंट ताटकळत होते. कलावतीने उत्तर न देता त्यांच्या हातावर स्पिरिट फासलं.

वीस मिनिटांनी बघितलं तर हात कोरा. धूळ नाही, झुरळ नाही, काही नाही. हिस्टामीनसुद्धा नाही. निळ्या खुणा तेवढ्या ओळीने उभ्या.

"काका, कुठली गोळी घेतलेली?"

"मी गोळी घेत नाही."

"सर्दीची? खोकल्याचं औषध? प्रवासात उलटी होऊ नये म्हणून काही?"

"बाई, एकसष्ट वर्षांत मी एकही गोळी गिळलेली नाही. ताप आला तर लंघन करतो."

हे ऐकून तिला खरं तर डोकं धरावंसं वाटलं. जे घेतात ते निदान ओशाळून कबूल तरी करतात. डॉक्टर आत आले, हात बघितला, म्हणाले, वयामुळे कधीकधी कातडी कमी उठते, पंधरा दिवसांनी पुन्हा करू. कलावतीला ते पटलं नव्हतं. म्हातारी कातडी कमी उठते हे खरं, पण अगदीच न उठायला मधुसूदनराव काही नव्वदीचे नव्हते.

पंधरा दिवसांनी पुन्हा सगळं तसंच. कागद दिलेला, मेसेज केलेला, सव्वीस बाटल्यांच्या तारखा पुन्हा वाचून झालेल्या. आणि वीस मिनिटांनी हात पुन्हा कोरा.

"तुमची ही हिस्टामीनची बाटली निकामी आहे," मधुसूदनराव म्हणाले. "मुदत छापली म्हणजे माल चांगला असतोच असं नाही. मी आयुष्यभर हेच बघत आलो."

"काका, सकाळपासून याच बाटलीने तीन जणांचे हात उठलेत."

"ते मी बघितलेले नाहीत."

आता मात्र कलावतीचा संयम सुटला. तिने स्वतःची बाही वर केली, स्पिरिट लावलं, त्याच बाटलीतला थेंब स्वतःच्या हातावर ठेवला, नवी सुई फोडली आणि टोचली. शेजारी मिठाच्या पाण्याचाही एक थेंब टोचला. मग स्टूल ओढून त्यांच्यासमोर हात पसरून बसली. "बघा."

दहाएक मिनिटं गेली. आधी लाली आली, मग लालीच्या मधोमध पांढुरकी गांधी वर आली. पाण्याची जागा सपाट राहिली. मधुसूदनरावांनी खिशातून स्वतःची छोटी स्टीलची पट्टी काढली, आडवं मोजलं, उभं मोजलं.

"सहा मिलिमीटर," ते म्हणाले. "तुमचं माप बरोबर आहे. म्हणजे खोट माझ्याकडच्या मालात आहे. पण मी काही घेत नाही, हेही तितकंच खरं आहे."

"मग पोटात काय काय जातं ते सांगा. सगळं."

त्यांनी सांगितलं, तिने लिहून घेतलं. सकाळी चहा, दोन खारी. पोळी-भाजी, ताक. दुपारी फळ. संध्याकाळी भात नाही, भाकरी. झोपताना हळद घालून कपभर दूध. च्यवनप्राश नाही, चूर्ण नाही, काढा नाही. यादीत कुठेही काही सापडेना. लिहिता लिहिता कलावतीने मान वर केली, तर मंदाकिनीकाकू मांडीवरच्या रिकाम्या पिशवीची घडी घालत होत्या. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होत्या.

दोघं गेली, आणि पाच मिनिटांत काकू एकट्याच परत आल्या. चष्म्याचं घर विसरलं म्हणाल्या. चष्म्याचं घर त्यांच्या हातातच होतं.

"गोळी मी देते," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"ह्यांना. दुधातून. चुरून."

कलावती उभी होती ती खाली बसली. "कधीपासून?"

"यंदाच्या गौरींना अकरा वर्षं होतील."

मग त्या सांगत गेल्या. पहाटे पाचला शिंका सुरू व्हायच्या, चाळीस, पन्नास. समोरच्या फ्लॅटमधली माणसं दार वाजवून जायची. मुलगी उर्वी तेव्हा सीएच्या परीक्षेला बसलेली, तिची झोप होत नव्हती. फॅमिली डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, ह्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. ह्यांच्या धाकट्या भावाला लहानपणी गावात इंजेक्शन दिलं होतं, ते अंगावर आलं आणि ह्यांच्या डोळ्यांदेखत पोरगा गेला. तेव्हा हे दहा वर्षांचे. त्यानंतर औषधाला शिवले नाहीत. "मग मी एक दिवस दुधात घातली. दुसऱ्या दिवशी सगळं घर सातपर्यंत झोपलं. मला वाटलं, परीक्षा होईपर्यंत देऊ."

"आणि मी कागद दिलेला तुम्हाला. लाल पेनाने."

"पहिल्या वेळी वाटलं, एवढ्याशा गोळीने काय होतंय. दुसऱ्या वेळी बंद केली होती, खरंच. चौथ्या दिवशी ह्यांना इतका त्रास व्हायला लागला, की मला बघवेना. अर्धीच दिली."

कलावतीला इतका वेळ भावाची गोष्ट ऐकून गलबलल्यासारखं झालं होतं. 'अर्धीच' ऐकल्यावर ते सगळं पळालं. "काकू, ही गोळी घेऊन काही जणांना दिवसा पेंग येते. त्यांना येते का?"

काकूंनी मान खाली घातली. "मागच्या वर्षी दुपारी फार गळून जायचे, म्हणून मेंदूचा फोटो काढला. काही निघालं नाही."

"तेव्हाही बोलला नाहीत?"

"तेव्हा तर बोलायची सोयच राहिली नव्हती."

कलावतीने तिथल्या तिथे सांगून टाकलं. आजपासून गोळी बंद. दहा दिवसांनी चाचणी. तोवर त्यांना तुम्ही सांगायचं, तुमच्या तोंडाने. माझ्या फॉर्मवर 'औषध घेतलेलं नाही' असं मी तिसऱ्यांदा लिहिणार नाही. संध्याकाळी तिने डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "आधी गोळी थांबू दे. सांगायचं काम त्यांचं. नाही सांगितलं तर मी सांगेन."

पुढचे दहा दिवस कलावतीच्या डोक्याला ताप झाला. काकूंना तिचा नंबर मिळालेला होताच, क्लिनिकच्या मेसेजवरून. रोज फोन. दुसऱ्या दिवशी बावीस शिंका. तिसऱ्या दिवशी एक्केचाळीस, डोळे लाल. पाचव्या दिवशी काकू रडकुंडीला आलेल्या.

"पाव गोळी चालेल का हो?"

"काकू, सात दिवस म्हणजे सात दिवस. छातीला त्रास झाला, धाप लागली, तर लगेच घेऊन या. शिंकांनी कोणी मरत नाही. सांगितलंत का त्यांना?"

"आज नाही. आज त्यांचं डोकं दुखतंय."

सहाव्या दिवशी पाहुणे होते. सातव्या दिवशी ते कोणाशीच बोलत नव्हते. आठव्या दिवशी गुरुवार होता, गुरुवारी नको वाटलं. उत्तम जेवताना म्हणाला, "तुझ्या त्या काकूंना सांग, आता आपल्यातलंच एक ताट लावतो त्यांना." कलावतीने आमटीची वाटी दाणकन त्याच्यापुढे ठेवली. अकरा वर्षं न चुकता गोळी चुरायला जमली, आणि एक वाक्य बोलायला गुरुवार आडवा येतो. तिला काकूंचा वैताग आला होता, त्या म्हाताऱ्याच्या हट्टाचा आला होता, आणि दोघांच्या मध्ये आपण कशाला उभे आहोत याचा सगळ्यात जास्त.

दहाव्या दिवशी दोघं वेळेवर आली. मधुसूदनरावांचं नाक सोललेलं, डोळ्यांखाली सूज. डॉक्टरांनी छाती तपासली, चाचणी करायला हरकत नाही म्हणाले, आणि समोरची खुर्ची ओढून बोलायला बसले. पण मधुसूदनरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. या वेळी त्यांनी बाटल्या तपासल्या नव्हत्या.

"बाई, आधी फॉर्म भरा," ते कलावतीला म्हणाले. "औषधाच्या रकान्यात लिहा. सेट्रिझिन, रोज एक, अकरा वर्षं. दहा दिवसांपूर्वी बंद. घेणाऱ्याच्या नकळत."

काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली.

"दूध बदललं," ते सांगू लागले. बायकोकडे न बघता, फॉर्मकडे बघत. "उर्वीच्या परीक्षेच्या वर्षापासून, अकरा वर्षं, किंचित कडवट लागायचं. मला वाटायचं हळद. कडवटपणा गेला आणि शिंका आल्या, दोन्ही एकाच दिवशी. चौथ्या दिवशी मी डबे उघडले. रव्याच्या डब्यात पाकिटं होती."

"चौथ्या दिवशी?" काकूंनी विचारलं. "मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. सहा दिवस थांबलो." मग त्यांनी मान वळवली, पण कलावतीकडे. "तुम्हाला कधी कळलं?"

"मागच्या वेळी. तुम्ही गेल्यावर."

"म्हणजे तुम्हालाही दहा दिवस ठाऊक होतं."

"हो काका. त्यांनी सांगावं असं वाटलं मला."

"मलाही तसंच वाटलं होतं," ते म्हणाले आणि बाही वर केली.

एकोणीस वर्षांत कलावतीला पेशंटसमोर ओशाळायची वेळ फारशी आली नव्हती. ती थेंब ठेवत गेली, टोचत गेली. डॉक्टर काकूंशी हळू आवाजात काहीतरी बोलले, काकू मान हलवत राहिल्या.

वीस मिनिटांनी बघितलं, तर या वेळी हिस्टामीन सातवर उठलं. पाणी सपाट. धुळीतल्या किड्यांची गांधी तर नऊ, कडा वेड्यावाकड्या पसरलेल्या. झुरळ सहा. बाकी हात स्वच्छ. मधुसूदनरावांनी आपली पट्टी काढली, पण मोजलं नाही. कलावतीने सांगितलेले आकडे तेवढे ऐकले.

"झुरळ?" काकू एकदम ताठ झाल्या. "आमच्याकडे एक झुरळ नाही. दर महिन्याला ओटा रिकामा करते मी. तुमच्या त्या थेंबाचंच काहीतरी चुकलं असेल."

कलावतीने डोळे मिटून घेतले. धुळीच्या किड्यांवर कधी कोणी भांडत नाही. झुरळ निघालं की प्रत्येक घरातल्या बाईचा अपमान होतो. आणि आत्ता, या क्षणी, या बाईला झुरळावर भांडायचं होतं.

"काकू, झुरळ दिसायला लागत नाही. पाइपमधून येतं, शेजारून येतं, त्याचा भुगा धुळीत असतो. आणि गांधी उठली म्हणजे शरीर त्याला ओळखतं, एवढंच. त्रास त्याच्यामुळेच होतो की नाही, ते डॉक्टर तुमच्या तक्रारींशी ताडून सांगतील. नुसत्या हातावर कोणाला शिक्षा देत नाही आम्ही."

डॉक्टरांनी ताडून सांगितलं. पहाटेच्या शिंका म्हणजे गादी, उशी, धूळ. उशांना बंद खोळी, पांघरुणं गरम पाण्यात, नाकात मारायचा फवारा, छातीसाठी पंप, आणि गरज पडली तर दिवसा पेंग न आणणारी दुसरी गोळी. फवारा म्हटल्यावर मधुसूदनरावांचा चेहरा बदलला. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, दोनदा वाचली. कलावतीला वाटलं, आता ही पण फाडणार.

"अकरा वर्षं घेतली आणि मेलो नाही," ते म्हणाले. "तेव्हा घेईन. पण माझ्या हाताने."

चिठ्ठीची घडी खिशात घालून ते उठले आणि पुढे चालू लागले. काकू पिशवी उचलून मागून गेल्या. जिन्यात त्यांच्यात पाच-सहा पायऱ्यांचं अंतर होतं. कलावतीने दारातून बघितलं आणि आत येऊन पुढच्या पेशंटला जरा जास्तच तुसडेपणाने हाक मारली. त्या संध्याकाळी तिने फॉर्मचा नवा नमुना टाइप केला. औषधाच्या रकान्याखाली एक ओळ वाढवली: घरातल्या इतर कोणी काही देत असल्यास. डॉक्टर हसले, पण छापायला दिला.

दीड महिन्याने काकूंचा फोन आला. कलावतीने आवाज ओळखला आणि खुर्चीत मागे टेकली. शिंका कमी आहेत, काकू म्हणाल्या. सकाळी चार-पाच, त्यापुढे नाहीत. शिट्टी गेली. दुपारची पेंगही गेली, आता जेवल्यावर पेपर वाचत बसतात. उशांच्या खोळी स्वतः जाऊन आणल्या, शिवण मोजून घेतली. पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला, आणि झुरळं खालच्या मजल्यावरून येतात असं पत्र ह्यांनी सोसायटीला दिलं. तुमच्या चाचणीचा हवाला देऊन.

"माझ्या चाचणीवरून मजला कळत नाही हो काकू. सांगा त्यांना."

"सांगेन. पण माझं ऐकत नाहीत अजून. दूध सोडलं त्यांनी. माझ्या हातचा चहा घेतात, पण आधी मी एक घोट घ्यायचा. उर्वी आली होती, तिनेही सांगून बघितलं. रोज फवारा घेताना मला समोर बसवतात. बाटलीवरचं सगळं मोठ्याने वाचतात. नाव, बॅच नंबर, मुदत. मग घेतात. मी उठले तर थांबतात, बसले की पुन्हा पहिल्यापासून वाचतात. किती दिवस चालायचं हे?"

बाहेर नऊ नंबरचा पेशंट काउंटरवर नखं वाजवत होता. कलावतीने पेन उचललं, पुढच्या माणसाच्या फॉर्मवर तारीख घातली.

"ते मला नाही सांगता येणार, काकू," ती म्हणाली. "वाचतायत तोवर ऐका."